पानावरचा मजकूर कोणाच्या हाती?

आमच्या गावाचे नाव हिंदीत ‘बुरहानपुर’ असे लिहितात. मराठीत ते ‘बऱ्हाणपूर’. एका मराठी संकेतस्थळावर हिंदी रूप पाहून माझ्या एका विद्यार्थ्याने ते संगणकावर दुरुस्त केले आणि मोठ्या आनंदाने मला दाखवले. पान पुन्हा उघडले, तर जुनेच नाव हजर! ब्राउझरमधील ‘इन्स्पेक्ट’ची खिडकी उघडून त्याने फक्त स्वतःकडे आलेली प्रत बदलली होती. आपल्याजवळच्या पुस्तकात पेन्सिलीने शुद्धलेखन सुधारले म्हणून आवृत्ती सुधारत नाही. (अशा फेरफाराचे छायाचित्र पुरावा म्हणून फिरू लागते, तेव्हा मात्र ते हसण्यावारी नेता येत नाही.)

मग वाचकाला मजकूर बदलता येतो का, हे कसे ओळखावे? पानाच्या प्रत्येक घटकाला ‘कन्टेन्टएडिटेबल’ हा गुणधर्म देता येतो. तो ‘ट्रू’ असेल तर तिथे टंकता येते, ‘फॉल्स’ असेल तर नाही. काहीच लिहिलेले नसेल तर घटक आपल्या पालक-घटकाचा गुण घेतो. म्हणून केवळ गुणधर्म वाचून भागत नाही. वारशासह उत्तर देणारे ‘इजकन्टेन्टएडिटेबल’ तपासावे लागते. अर्जातील चौकटींना ही कसोटी लागू नाही. तिथे ‘रीडओन्ली’ आणि ‘डिसेबल्ड’ पाहावे.

पण टंकता येणे वेगळे आणि ते सर्वांसाठी जतन होणे वेगळे. जतनाचा निर्णय सर्व्हर घेतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर हे स्वच्छ दिसते. खुल्या लेखावर ‘संपादन’ असते. सुरक्षित केलेल्या पानावर, अधिकार नसलेल्याला, त्या जागी ‘स्रोत पहा’ दिसते. लेखातली ओळ बदलता येते, पण लेखाचे शीर्षक संपादनाच्या चौकटीत नसतेच. त्यासाठी ‘स्थानांतरण’ करावे लागते आणि नवख्या खात्याला तो अधिकार लगेच मिळत नाही. माहितीचौकटीतील काही मजकूर तर लेखात सापडतच नाही. तो साच्यातून किंवा विकिडेटातून येतो.

विकिडेटावर एकाच गावाच्या नोंदीला प्रत्येक भाषेचे वेगळे नाव देता येते. तेथे मराठी रकान्यात ‘बऱ्हाणपूर’ लिहिण्यासाठी हिंदी रकान्यातील ‘बुरहानपुर’ खोडावे लागत नाही.