पायडल घट्ट की मोकळे?

वजन, रक्तदाब किंवा साखर वाढली की डॉक्टर चालायला, पोहायला किंवा सायकल चालवायला सांगतात. पोहण्याची सोय सगळीकडे नसते आणि गुडघे कुरकुरत असतील तर चालणे नकोसे होते. म्हणून चाळिशी ओलांडलेली अनेक मंडळी गिअरची सायकल घेतात. काही महिन्यांत रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर अंगवळणी पडतात आणि मग सोबतच्या सायकलस्वाराकडून सल्ला येतो, ‘आता क्लिपलेस पायडल बसवा, वेग वाढेल.’

या सल्ल्याचा खर्च पायडल आणि खास बूट मिळून काही हजारांत जातो. खरा प्रश्न मात्र पैशांचा नाही. पायडल ही सायकलची अशी जागा आहे जिथे शरीराची ताकद यंत्रात उतरते. मिनिटाला ऐंशी फेऱ्या धरल्या, तर तासाभरात प्रत्येक गुडघा ४,८०० वेळा वाकतो आणि सरळ होतो. पाय थोडासा चुकीच्या कोनात अडकला असेल, तर ती चूकही तितक्याच वेळा घडते. त्यामुळे पायडलची निवड जेवढी सायकलची, तेवढीच गुडघ्याची, तळपायाची आणि पडल्यावर टेकणाऱ्या मनगटाचीही असते.

नाव उलटे, काम सोपे

‘क्लिपलेस’ म्हणजे क्लिप नसलेले. प्रत्यक्षात या पायडलमध्ये बूट चक्क अडकवला जातो. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पायाची बोटे घालायला धातूचा पिंजरा आणि वरून आवळायला पट्टा असे. त्या पिंजऱ्याला ‘टो क्लिप’ म्हणत. तो पिंजरा गेला, म्हणून नवे पायडल ‘क्लिपलेस’ झाले.

नव्या रचनेत बुटाच्या तळाला ‘क्लीट’ नावाची छोटी पट्टी स्क्रूने बसवतात. पाय दाबला की ती पायडलच्या स्प्रिंगमध्ये खटकन अडकते आणि टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटते. ही कल्पना बर्फावर घसरण्याच्या स्कीमधून आली. स्कीचे बूट अडकवण्याची साधने बनवणाऱ्या फ्रान्सच्या लुक कंपनीने १९८४ मध्ये असे पायडल बाजारात आणले. १९८५ मध्ये बर्नार्ड हिनॉल्ट यांनी ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि शर्यतीतले पट्टे मागे पडू लागले. जपानच्या शिमानोने १९९० मध्ये एसपीडी हा लहान क्लीटचा प्रकार आणला. त्याचे बूट घालून चालताही येत असल्याने तो डोंगरी सायकलींसाठी सोयीचा ठरला.

वेग खरेच वाढतो का?

पाय अडकवल्यामुळे पायडल खाली दाबता येते, तसे वर ओढताही येते आणि म्हणून ताकद वाचते, असे सर्रास सांगितले जाते. संशोधनाचे म्हणणे वेगळे आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधे धावण्याचे बूट व सपाट पायडल, तेच बूट व पिंजरा, आणि सायकलिंगचे बूट व क्लिपलेस पायडल अशा तीन जोड्यांची तुलना केली. बेताच्या वेगाने सायकल चालवताना शरीराने खर्च केलेल्या ऊर्जेत तिन्हींमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. मुद्दाम पायडल वर ओढत चालवल्यास स्नायूंची कार्यक्षमता उलट घटते, असे आधीच्या एका प्रयोगात दिसले होते. शरीराला खाली दाबण्यासाठी मांडीचे आणि पार्श्वभागाचे मोठे स्नायू मिळाले आहेत. वर ओढणारे स्नायू त्या मानाने लहान आहेत आणि लवकर थकतात.

मग क्लिपलेसचा फायदा कोणाला? जीव तोडून वेग घेणाऱ्याला. काही सेकंदांच्या जोरदार झेपेत अडकवलेल्या पायाने जास्त ताकद लावता येते, हे मोजमापांत दिसले आहे. खडबडीत रस्त्यावर पाय पायडलवरून उडत नाही आणि लांब पल्ल्यात तो प्रत्येक वेळी त्याच जागी राहतो, हेही फायदे आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. अशा पल्ल्यांचे स्वप्न पाहणाऱ्याची गरज वेगळी असते. तासभर फिरून घरी येणाऱ्याने त्याच कारणासाठी तीच वस्तू घेण्याची गरज नाही.

आधी रस्ता, मग पायडल

निवड करताना एक प्रश्न पुरेसा आहे: या सायकलवर पाय किती वेळा जमिनीवर टेकवावा लागतो? बीड जिल्ह्यात या प्रश्नाची उत्तरे एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात बदलतात. बालाघाटच्या रांगा जिल्ह्यातून गेल्या आहेत. मांजरसुंब्याचा घाट महामार्गाचा, तर धारूरचा घाट अरुंद आणि वळणांचा. गेवराई, माजलगावकडे गोदाकाठची काळी जमीन, तर आष्टी-पाटोद्याकडे बरड, मुरमाड माळ.

साधी काळी सायकल, शाळेची सायकल: दूध, भाजी, शाळा, शेत यांसाठी दर पाच-दहा मिनिटांनी उतरावे लागते. इथे सपाट पायडलच योग्य. मात्र रबर झिजून गुळगुळीत झालेले पायडल पावसात घातक ठरते आणि त्यावर हवाई चप्पल म्हणजे दुहेरी धोका. रुंद, खरबरीत पृष्ठभागाचे पायडल आणि मागे पट्टा असलेली सँडल किंवा कॅनव्हासचे बूट एवढ्या बदलाने पाय घसरणे बरेच कमी होते.

शहरातली हायब्रीड सायकल: बाजारातली गर्दी, मोकाट जनावरे, अचानक दार उघडणारी रिक्षा यांतून वाट काढणाऱ्यालाही सपाट पायडल बरे. अगदीच मोह झाला तर एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने एसपीडी असलेले दुतोंडी पायडल मिळते. गावात मोकळा पाय, गावाबाहेर अडकवलेला, अशी सोय होते.

डोंगरी सायकल: मुरमाड वाटा आणि माळरानासाठी दोन स्क्रूची लहान धातूची क्लीट योग्य. ती बुटाच्या तळात खोल बसते, त्यामुळे सायकल हातात धरून चढ चढता येतो. अडचण येते ती काळ्या मातीची. या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि बुटाला लोण्यासारखी चिकटते. क्लीटवर तिचा थर बसला की पाय अडकत नाही आणि अडकला तर वेळेवर सुटेलच याची खात्री नसते. जून ते सप्टेंबर शेतरस्त्याने जायचे असेल, तर सपाट पायडल लावलेले बरे. ज्यांना तेव्हाही क्लिपलेसच हवे त्यांनी चिखल बाहेर पडेल अशा उघड्या रचनेचे पायडल घ्यावे आणि खिशात जुना टूथब्रश ठेवावा.

रोड सायकल: पातळ टायरची सायकल घेऊन महामार्गावर तासन्‌तास जाणाऱ्यासाठी तीन स्क्रूची मोठी प्लास्टिकची क्लीट असते. तळपायाचा भार मोठ्या जागेवर पसरतो, ही तिची जमेची बाजू. पण ती बुटाबाहेर उठून दिसते. चहाच्या टपरीवरच्या फरशीवर तिने पाय सटकतो आणि पंक्चर झाल्यावर दोन किलोमीटर चालावे लागले तर ती झिजते. त्यामुळे पहिल्यांदा क्लिपलेस घेणाऱ्याने रोड सायकललाही दोन स्क्रूचा प्रकार लावायला हरकत नाही.

व्यायामशाळेतली सायकल: इथे गणित उलटे आहे. सायकल पडत नाही, पण तिचे जड चाक पाय थांबवले तरी फिरत राहते. पाय सुटला तर पायडल नडगीवर आदळते. म्हणून इथे पाय पट्ट्याने किंवा क्लीटने बांधलेलाच हवा. क्लिपलेसची सवय करायलाही हीच जागा सगळ्यांत सुरक्षित.

गुडघ्याला थोडी मोकळीक

क्लीट विकत घेताना रंगापेक्षा ‘फ्लोट’ विचारावा. पाय न सुटता टाच किती अंश इकडेतिकडे हलू शकते, ते माप म्हणजे फ्लोट. शिमानोच्या तीन स्क्रूच्या क्लीटमध्ये पिवळीला ६ अंश, निळीला २ अंश आणि लालला शून्य अंश मोकळीक असते. चालताना कोणाचे पंजे किंचित बाहेर वळतात, कोणाचे आत. शून्य अंशाच्या क्लीटमध्ये ही नैसर्गिक ठेवण मोडली जाते आणि पीळ थेट गुडघ्यावर येतो. नवख्याने लाल क्लीटच्या वाटेला जाऊ नये.

दोन स्क्रूच्या एसपीडीमध्येही दोन प्रकार असतात. नेहमीची क्लीट टाच बाजूला वळवल्यावरच सुटते. ‘मल्टी रिलीज’ प्रकारची क्लीट पाय तिरका वर ओढला तरी सुटते. घाबरल्यावर माणूस पाय वरच ओढतो, म्हणून शिकणाऱ्याला दुसरी जास्त उपयोगी.

क्लीट बसवताना अंगठ्याच्या मुळाशी असलेला तळपायाचा फुगीर भाग पायडलच्या दांड्यावर किंवा त्याच्या किंचित पुढे यावा. फार पुढे बसवलेली क्लीट पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर ताण आणते. नव्या बुटाचा तळ जाड असल्याने खोगिराची उंचीही पुन्हा तपासावी लागते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहायला हवा. नवे पायडल लावल्यावर आठवडाभरात गुडघा दुखू लागला, तर मलम लावण्याआधी क्लीटचा कोन पाहावा.

कोणी सावध राहावे?

क्लिपलेसवर शिकणारा बहुतेकदा वेगात नव्हे, तर थांबताना पडतो. सायकल उभी राहते, पाय सुटत नाही आणि माणूस झाडासारखा एका कुशीवर कोसळतो. तरुणाला खरचटते, पण साठीच्या माणसाचे पुढे टेकलेले मनगट किंवा खुबा मोडू शकतो. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि खुबा किंवा गुडघा बदललेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय अडकवू नये.

मधुमेहींसाठी आणखी एक सूचना. साखरेमुळे पायाच्या नसा बधिर झाल्या असतील, तर घट्ट, कडक बुटाने झालेली जखम जाणवत नाही आणि ती चिघळते. बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना घ्यावेत, बोटांना जागा असावी आणि रोज सायकलवरून उतरल्यावर तळपाय आरशात पाहावेत. चालवताना तळपायाला आग किंवा मुंग्या येत असतील, तर आधी बुटाचे पट्टे सैल करावेत. तरीही थांबले नाही तर तपासून घ्यावे.

सवय लावताना

पायडल बसवताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे मेकॅनिकला माहीत असते, पण घरी पाना चालवणारा विसरतो आणि क्रँकचे आटे खराब करतो. स्प्रिंगचा ताण अ‍ॅलन कीने सर्वांत सैल ठेवावा. भिंतीला धरून प्रत्येक पायाने पन्नास वेळा अडकवणे-सोडवणे करावे, मग मोकळ्या मैदानात. थांबण्याआधी दहा-पंधरा मीटरवरच एक पाय सोडवून ठेवण्याची सवय लागेपर्यंत रस्त्यावर येऊ नये. घाटात चढ तीव्र झाला आणि वेग चालण्याइतका उतरला, की एक पाय मोकळा करणे शहाणपणाचे.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. साध्या पायडलला पिवळे परावर्तक असतात. ते वर-खाली हलतात म्हणून मागच्या चालकाला सायकल लांबून ओळखू येते. बऱ्याच क्लिपलेस पायडलना ते नसतात. गाळप हंगामात पहाटेच्या अंधारात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. तेव्हा मागचा लाल दिवा आणि बुटाला चमकणारी पट्टी लावल्याशिवाय नवे पायडल घेऊन बाहेर पडू नये.

सायकलने साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते ती रोज चालवल्यामुळे, पाय अडकवल्यामुळे नव्हे. ज्या पायडलवर भीती न वाटता उद्याही बसावेसे वाटेल, ते त्या माणसासाठी योग्य पायडल.