सी भाषेतील आदानवाचन व त्याची तपासणी

संगणकाला पुरविलेल्या मजकुराचे (आदानाचे) विश्लेषण करून त्यातील संख्या, नावे इ. घटक वेगळे काढण्याची क्रिया म्हणजे आदानवाचन होय. सी ही संगणकीय भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास विकसित केली. तीत आदानवाचनासाठी तयार फलने आहेत. परंतु वाचन फसल्यास ती आज्ञावली थांबवीत नाहीत. यशापयशाची वार्ता ती केवळ परतमूल्याने देतात. हे मूल्य न तपासणारी आज्ञावली तशीच पुढे चालत राहते आणि चूक बहुधा भलत्याच ठिकाणी उघडकीस येते.

बीड जिल्ह्यातील ११ तालुक्यांच्या पर्जन्याची यादी हे याचे सोयीचे उदाहरण आहे. प्रत्येक ओळीत तालुक्याचे नाव, मोकळी जागा व पावसाचे मिलिमीटर इंग्रजी अंकांत, अशी रचना आहे असे मानू. ‘एसस्कॅनएफ’ या फलनास एक शब्द व एक पूर्णांक वाचावयास सांगितल्यास गेवराई, केज, परळी यांच्या ओळी बिनचूक वाचल्या जातात. परतमूल्य २ मिळते. ती भरल्या गेलेल्या घटकांची संख्या होय. ‘शिरूर कासार’ या ओळीत मात्र ‘शिरूर’ एवढेच नाव ठरते, पुढे संख्येऐवजी ‘कासार’ आल्याने वाचन थांबते व परतमूल्य १ येते. पर्जन्याच्या चलात आधीच्या ओळीतील आकडा तसाच राहतो. ती ओळ पाटोद्याची असल्यास पाटोद्याचा पाऊस शिरूरच्या नावे जमा होतो. रिकाम्या ओळीचे परतमूल्य तर ऋण असते. म्हणून ते शून्य नाही एवढे पाहून भागत नाही, ते २ च आहे हे पाहावे लागते. नावानंतर स्वल्पविराम देऊन तेथपर्यंतचा मजकूर नाव मानणे हा मूळ दोषावरील साधा उपाय आहे.

‘एटोआय’ हे फलन अधिक फसवे आहे. संख्या न आढळल्यास ते ० देते आणि खऱ्या शून्यासही ० च देते. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ‘पाऊस ०’ ही खरी व गंभीर नोंद असू शकते. ‘नोंद वाचता आली नाही’ ही गोष्ट तिच्याहून सर्वस्वी वेगळी आहे. कारकुनाने ‘४२’ हा आकडा देवनागरीत लिहिला, तर यूटीएफ-८ संकेतनात त्याचा प्रत्येक अंक तीन बाइटांचा होतो. ‘सी’च्या मूळ स्थानिक मांडणीत तो अंक म्हणून ओळखला जात नाही आणि ४२ मिमी. पावसाचे शून्य होते.

‘स्ट्रटोल’ हे फलन वाचन कोठे थांबले तेही दाखविते. थांबण्याची जागा आरंभीचीच असल्यास काहीच वाचले गेले नाही; पुढे ‘.५’ उरल्यास अपूर्णांक गळाला. संख्या आवाक्याबाहेरची असल्यास ‘एररनो’ या चलात खूण उमटते. मात्र फलन यशस्वी झाल्यावर ते चल आपोआप शून्य होत नसल्याने ते आधीच शून्य करून ठेवावे लागते.