पडद्यावरचा दिवा आणि हातातला दिवा

एका विद्युतघटाला दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत जोडले, तर कोणता बल्ब जास्त उजळेल? हा प्रश्न दहावीच्या वर्गात विचारून पाहावा. पहिल्या बल्बने बरीचशी वीज 'वापरून टाकलेली' असते, म्हणून दुसरा मंद लागेल, असे सांगणारे विद्यार्थी जवळजवळ प्रत्येक वर्गात भेटतात. ओहमचा नियम त्यांना तोंडपाठ असतो, उदाहरणेही ते बिनचूक सोडवतात. गैरसमज मात्र सूत्राच्या आड सुखरूप राहतो. विद्युतधारा डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण आहे.

ती दिसावी यासाठी संगणकाची मदत घेता येते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी 2002 साली 'फेट' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला होता. या प्रकल्पातून विज्ञान व गणिताचे अनेक आभासी प्रयोग तयार झाले. इंटरनेटवर ते कोणालाही विनामूल्य वापरता येतात आणि त्यांपैकी कित्येक मराठीतही उपलब्ध आहेत. विद्युत परिपथ जुळवण्याचा प्रयोग त्यांत विशेष उपयोगी आहे.

या प्रयोगात पडद्यावर घट, तारा, बल्ब, कळ असे सुटे भाग मिळतात. ते ओढून आणायचे व जोडायचे. परिपथ पूर्ण झाला की तारांतील निळे ठिपके, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरकू लागतात. येथे मुलांना एक गोष्ट हमखास चकित करते. कळ दाबण्यापूर्वीही ठिपके तारेत सर्वत्र असतातच. ते घटातून निघून बल्बकडे धावत जात नाहीत, सगळे एकदमच हलू लागतात. बल्बच्या अलीकडे व पलीकडे त्यांची गती सारखीच असते. धारा 'संपते' ही कल्पना येथे टिकत नाही. घटाची दोन टोके नुसत्या तारेने जोडली तर पडद्यावर घट पेट घेतो. हा अपघात पडद्यावरच होऊ द्यावा. खऱ्या घटाशी तो खेळ नको.

अशा आभासी प्रयोगाने विद्यार्थी खरोखर शिकतात का? कोलोरॅडो विद्यापीठातच याची परीक्षा झाली व तिचे निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमातील काही विद्यार्थ्यांनी खरे बल्ब व तारा हाताळल्या, तर काहींनी केवळ संगणकावर परिपथ जुळवले. नंतर दोन्ही गटांना खऱ्या साहित्याने परिपथ जोडून त्याचे स्पष्टीकरण लिहायला सांगितले. संगणकावर शिकलेला गट दोन्ही बाबतींत सरस ठरला. याचे एक कारण असे की खऱ्या साहित्यात लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. तारेच्या वेष्टनाच्या रंगाला काही अर्थ असेल का, यातच नवख्या विद्यार्थ्याचा वेळ जातो. सैल जोड ही तर आपल्या सर्वांच्या ओळखीची डोकेदुखी!

पण या निष्कर्षाच्या आधारे प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप घालणे चूक ठरेल. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते, विषय एकच होता आणि आभासी प्रयोगाची रचना फार विचारपूर्वक केलेली होती. शिवाय पडद्यावर जे दिसते ते निसर्गाचे छायाचित्र नव्हे, ते प्रतिमान आहे. प्रतिमानात काय गाळले आहे हे शिक्षकाला ठाऊक हवे.

निळ्या ठिपक्यांचेच पाहा. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा वाहत असेल, तर इलेक्ट्रॉनांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला सुमारे 0.07 मिलिमीटर एवढाच असतो. एक मीटर अंतर कापायला जवळजवळ पावणेचार तास लागतील. पडद्यावर एवढी सावकाश हालचाल दाखवली तर कोणालाच काही दिसणार नाही, म्हणून ठिपके पळवावे लागतात. मुलांना हा हिशेब जरूर करायला द्यावा आणि मग विचारावे, तरीही दिवा लगेच कसा लागतो?

दुसरी गोष्ट बल्बची. आभासी प्रयोगातील साधा बल्ब ओहमचा नियम तंतोतंत पाळतो. 9 व्होल्टच्या घटाला 10 ओहम रोधाचा एक बल्ब जोडला की धारा 0.9 अँपिअर, दोन एकसर जोडले की बरोबर निम्मी, 0.45 अँपिअर. खरा तारेचा बल्ब असे वागत नाही. टंगस्टन तापले की त्याचा रोध कित्येक पटींनी वाढतो. 230 व्होल्ट, 60 वॅटच्या जुन्या पद्धतीच्या बल्बचा जळतानाचा रोध गणिताने सुमारे 880 ओहम येतो. तोच बल्ब होल्डरमधून काढून, थंड असताना मल्टिमीटरने मोजला तर रोध साठ-सत्तर ओहमच्या आसपास भरतो.

वर्गात हे दोन्ही एकाच तासात करता येते. त्यासाठी शाळेत इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. प्रयोगाची फाइल एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवली की ती जोडणीशिवायही चालते. एकच पडदा असेल तरी भागते, मात्र कळ दाबण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपले भाकीत वहीत लिहिलेले असावे. एरवी तो नुसता चित्रपट होतो. पडद्यावर एक बल्ब, मग दोन बल्ब जोडून धारा मोजावी. नंतर विजेरीचे तारेचे दोन बल्ब, घट व ॲमीटर घेऊन तेच पुन्हा करावे. एलईडीचे बल्ब येथे उपयोगाचे नाहीत. दोन बल्ब एकसर जोडल्यावर धारा या वेळी निम्म्याहून जास्त भरेल, कारण प्रत्येक बल्बच्या वाट्याला कमी विभवांतर आल्याने त्याची तार कमी तापते व रोध घटतो. संगणक आणि ॲमीटर यांचे आकडे जुळत नाहीत म्हटल्यावर खरे कोण, यावर वर्गात वाद होईल. तो लगेच मिटवू नये.