तांब्याच्या वाटा

वाघोली म्हटले की जुन्या पुणेकराला वाघेश्वराचे देऊळ आणि दगडाच्या खाणी आठवतात. 2021 साली हे गाव पुणे महानगरपालिकेत आले आणि आता तिथे उंच इमारतींची दाटी आहे. त्याच नगर रस्त्याने शिक्रापूरला जाऊन आत वळले की पाबळ लागते. हिंदुस्थान लिव्हरमधली शास्त्रज्ञाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग या गावी आले आणि 1983 साली त्यांनी विज्ञान आश्रम काढला. मुलांनी हाताने काम करावे व त्या कामातूनच शास्त्र शिकावे, हा त्यांचा हट्ट. 2002 साली याच आश्रमात अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ निघाली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक!

अशा कार्यशाळेत शिकायची एक विद्या म्हणजे सर्किट बोर्ड स्वतः बनवणे. बिघडलेला रेडिओ उघडला की आत जी पाटी दिसते, तीच ही. पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा असतो. नको तेवढे तांबे काढून टाकले की उरतात त्या विजेच्या वाटा.

तांबे काढण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली आपल्या पाथरवटाची. तो जात्याला टाकी लावतो, तसे संगणकाच्या हुकमाने चालणारे यंत्र बारीक पात्याने तांबे कोरते. पाते साधारण 0.4 मिलिमीटरचे, आणि तांब्याचा थर बहुधा अवघा 0.035 मिलिमीटर! पाटी 0.1 मिलिमीटर वाकडी बसली, तरी एका कडेला पाते अधांतरी फिरते आणि दुसरीकडे खोल रुतते. म्हणून काही यंत्रे आधी पाटीला जागोजाग टोक टेकवून तिचे चढउतार टिपून घेतात आणि मगच कोरू लागतात.

दुसरी तऱ्हा प्रकाशाची. पाटी लखलखीत घासून तिच्यावर प्रकाशाला जागणारी निळी फिल्म गरम दाबाने चिकटवायची. मग त्याच यंत्रावर पात्याऐवजी जांभळा लेसर बसवून नक्षी रेखायची. प्रकाश पडला तिथली फिल्म कडक होते. उरलेली धुण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात निघून जाते. नंतर पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवली, की उघडे तांबे विरघळते आणि फिल्मखालचे वाचते. या रीतीने पात्यापेक्षाही नाजूक रेषा साधतात.

मात्र हा खेळ मुलांवर सोपवून वडीलमंडळींनी बाहेर जाऊ नये. लेसरची तिरीप डोळ्यांना कायमची इजा करू शकते. यंत्र बंद पेटीत आणि त्या लेसरसाठीचा खास चष्मा डोळ्यांवर, हे हवेच. काचतंतूच्या पाटीची धूळ छातीला वाईट, म्हणून कोरण्यासाठी कागदी थरांची पाटी बरी. फेरिक क्लोराइडचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, आणि धातूच्या भांड्यांनाही ते खाते. प्लॅस्टिकचे तबक वापरावे, हातमोजे घालावेत, आणि वापरलेले पाणी मोरीत मुळीच ओतू नये. त्यात तांबे असते.

कुणी म्हणेल, कारखान्यातून बोर्ड मागवला तर सुबक येतो आणि पुष्कळदा स्वस्तही पडतो. मग हा खटाटोप कशाला? म्हणणे खरे आहे. शंभर बोर्ड हवे असतील, तर कारखानाच गाठावा. पण आकाशकंदिलातले दिवे आळीपाळीने लावणारे सर्किट मुलीने स्वतः आखले आणि ते पेटलेच नाही, तर? टपालाची वाट पाहत आठवडा गेला की उत्साहही जातो. घरी केलेल्या पाटीत चुकलेली वाट तिला भिंगाखाली दिसते. रात्री आराखडा दुरुस्त करून सकाळी ती दुसरी पाटी कोरते. बाजारातला कंदील बिघडला की फेकला जातो. हा बिघडला, तर कुठे पाहायचे ते तिला ठाऊक असते. पाबळला कलबागांनी मांडलेला हिशेब याहून निराळा नव्हता.