पोकळीचे भाडे

जळगावच्या आमच्या वहिनींची सून परदेशी पहिलटकरीण होती. तिच्यासाठी डिंकाचे लाडू, काळा मसाला, बिबड्या, कुरडया आणि बाळाकरिता जुन्या लुगड्याची गोधडी असा खोका सिद्ध झाला. काट्याने सात किलो दाखविले. परंतु कुरिअरच्या कारकुनाने टेप काढून खोका मोजला आणि १९.२ किलोचे भाडे मागितले!

“भाऊजी, हा तर दिवसाढवळ्या दरोडा!” वहिनी म्हणाल्या.

कारकून खोटे बोलत नव्हता. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणावी आणि त्या गुणाकारास ५००० ने भागावे, असा परदेशी हवाई कुरिअरचा रूढ हिशेब आहे. येणारा आकडा व काट्यावरील वजन यांपैकी जे अधिक, त्यावर आकार बसतो. ६०, ४०, ४० यांचा गुणाकार ९६,०००. विमानाचे पोट हलक्या मालाने आधी भरते, वजनाची मर्यादा मागाहून येते. तेव्हा अडलेल्या जागेचे मोल कोणी द्यावयाचे?

खानदेशास ही गोष्ट खरे म्हणजे नवी नसावी. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) तेथील कापूस अडला व लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी मुंबईकडे वळली. जहाजावर हलक्या मालाचे भाडे ४० घनफुटांस एक टन या मापाने घेण्याची वहिवाट होती. सैल कापूस भरणे म्हणजे वाऱ्याचे भाडे भरणे! जिनात सरकी निघाली की कापसाचे वजन सुमारे तृतीयांश उरते. प्रेसमध्ये मात्र एक तोळाही घटत नाही, घटते ती केवळ जागा. तरीही व्यापाऱ्याने तिच्यासाठी पैसे मोजले. जळगाव-धुळ्याकडील जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने याच हिशेबावर उभे राहिले. आजही १७० किलोची गाठ दाबूनच बांधतात.

घरी आल्यावर आम्ही तोच प्रयोग केला. गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आतील हवा ओढून घेतली. ती पाटाएवढी चपटी झाली. बिबड्या एकावर एक रचल्या. लाडू व मसाला जड, त्यांना टेपचे भय नाही. प्रश्न उरला कुरडयांचा. कुरडई म्हणजे निम्मी पोकळीच, आणि दाबावी तर चुरा! वहिनींनी जड मनाने त्या बाजूस काढल्या. नवा खोका ४०, ३०, ३० चा झाला, हिशेबाने ७.२ किलो, काट्यावर साडेसहा.

झाकण लावताना मात्र एका कोपऱ्यात बोटभर जागा दिसली. वहिनींनी माझ्याकडे न पाहता तीन कुरडया तेथे सरकविल्या.