घरची वीज (१७) : हाताचा गुण

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी केव्हा आणि किती घालायचं, ते या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. पण मधेच आंबा गावाहून एका निवृत्त गुरुजींचा फोन आला आणि बॅटरी मागे पडली.

गुरुजींच्या मुलीने जर्मनीहून एस्प्रेसोचं मशीन आणलंय. "माझ्या हातनं चालतंय, हिच्या हातनं ट्रिपर पडतोय," गुरुजी सांगत होते. "ते पण रोज नाही. सकाळी पडतोय, दुपारी नाही. मे महिन्यात एकदाही पडला नव्हता. दोन वायरमन येऊन गेले. दोघांसमोर मशीननं गुमान कॉफी दिली."

कायमचा बिघाड कुणालाही सापडतो. येऊन-जाऊन असलेल्या बिघाडाला आधी वही लागते, स्क्रू-ड्रायव्हर नंतर. गुरुजींना म्हटलं, आठ दिवस लिहून ठेवा: किती वाजता, पाऊस किती, मशीन कुठल्या प्लगला, आणि आदल्या दिवशी वापरलं होतं की नाही. गुरुजीच ते, हजेरीपटासारखे रकाने आखून लिहिलं.

त्या वहीत कुणाच्या हाताचा काही संबंध दिसेना. दिसली ती खोली. गुरुजींच्या पत्नी, म्हणजे काकू, मशीन स्वयंपाकघरात लावतात. ट्रिपर पडला की गुरुजी ते उचलून सोप्यात नेतात आणि तिथे ते बिनतक्रार चालतं. दुपारी काकूंनी पुन्हा स्वयंपाकघरात लावलं, तर तिथेही चालतं.

मी इन्सुलेशन तपासायचा मेगर घेऊन आंब्याला गेलो. धो धो पाऊस, भिंतींना ओल. साध्या मल्टिमीटरवर बिघाड दिसेलच असं नाही, कारण तो बॅटरीच्या चार-दोन व्होल्टवर मोजतो. मेगर ५०० व्होल्ट लावून बघतो. हीटर आणि मशीनची बॉडी यांच्यामध्ये निदान १० लाख ओहम हवे होते. निघाले जेमतेम १२ हजार.

कारण हीटरच्या पोटात आहे. मधे तापणारी तार, बाहेर धातूची नळी आणि दोन्हींच्या मधे मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पांढरी पूड. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण नळीच्या टोकाचं सील सैल पडलं, की ती हवेतली ओल पिते. आंब्याच्या जुलैत प्यायला काय कमी आहे? हीटर तापला की ओल उडते आणि बिघाडही उडतो. रात्रभरात दोन्ही परत.

आता हिशेब. २३० व्होल्टला १२ हजार ओहममधून सुमारे १९ मिलीअँपिअर वीज बॉडीकडे गळते. १४०० वॅटचं मशीन ६ अँपिअर घेतं, त्यापुढे ही गळती किस पटकी! एमसीबीला तिचा पत्ताही लागत नाही. पण ज्याला आपण ट्रिपर म्हणतो तो आरसीसीबी जाणारी आणि परतणारी वीज तोलत बसलेला असतो. त्याच्यावर ३० मिलीअँपिअर छापलेलं असलं, तरी १५च्या पुढे तो कधीही पडू शकतो. १९ म्हणजे बरोबर त्या मधल्या पट्ट्यात; म्हणून एखाद्या सकाळी पडतो, एखाद्या सकाळी नाही.

मग सोप्यात का पडत नाही? जर्मन प्लगला अर्थिंगची तिसरी पिन नसते. कडेला दोन पत्र्याच्या पट्ट्या असतात. स्वयंपाकघरातलं अडॅप्टर मुलीने मशीनबरोबर आणलेलं, त्या पट्ट्या धरणारं. सोप्यातलं बाजारातलं स्वस्त. ते दोन गोल पिना धरतं आणि पट्ट्या हवेत लोंबकळत ठेवतं. अर्थिंगच तुटलं, तर गळणारी वीज जाणार कुठे? ती बॉडीवर वाट बघत थांबते. ट्रिपर पडलाच, तर तो कुणी हात लावल्यावर, म्हणजे वीज माणसातून गेल्यावर.

"गुरुजी, सोप्यात मशीनला हात लागला की काही जाणवायचं?"

"मुंग्या आल्यासारखं व्हायचं खरं. वयाचं असेल म्हटलं."

पायात चप्पल आणि सोप्याची फरशी कोरडी, एवढ्यावर त्यांची कॉफी चालली होती. इतका वेळ चुलीपाशी गप्प उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातनंच बरोबर चालत होतं की!"

अगदी बरोबर. काकूंकडे ट्रिपर पडत होता, म्हणजे तो काम करत होता. गुरुजींकडे तो पडत नव्हता, आणि आम्ही सगळे त्यालाच गुण समजत होतो. ट्रिपर पडायचा थांबला म्हणजे मशीन दुरुस्त झालं, असं नव्हे. अर्थिंगची पिन कापून "आता पडत नाही बघा" म्हणणारे महाभाग अजून गावोगाव आहेत.

सोप्यातलं अडॅप्टर मी खिशात घालून आणलं. तुमच्या घरातली अडॅप्टरं आज बघून घ्या: गिझर, इस्त्री, किटली, मशीन, जिथे पाणी किंवा पत्रा आहे तिथली सगळी. गुरुजींचा हीटर वाळवायचा की बदलायचा, ते पुढच्या वेळी. बॅटरीचं पाणी त्याच्या पुढच्या वेळी. तोवर निदान पातळी तरी बघून ठेवा.