गुंगी किती, कशी आणि कोणाच्या हातून?

एंडोस्कोपीची तारीख घ्यायला आलेला पेशंट आम्हाला दुर्बिणीबद्दल फारसं विचारत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, मला झोपवणार ना?" दुसरा, जरा हळू आवाजात, "आणि नीट उठेन ना?" आज या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलू.

जठराची साधी तपासणी पाच-दहा मिनिटांची. घशात लिग्नोकेनचा फवारा मारून ती जागेपणीही होते. उमासे येतात, डोळ्यांत पाणी येतं, पण नंतर एकट्याला रिक्षाने घरी जाता येतं. पित्तनलिकेतला खडा काढायला मात्र बराच वेळ लागतो, तिथे गुंगी हवीच.

जुनी, रुळलेली पद्धत म्हणजे शिरेतून मिडाझोलाम आणि जोडीला फेंटानिल. पेशंट पेंगतो, पण हाक मारली की ओ देतो, आणि पुष्कळदा नंतर त्याला काही आठवत नाही. यात एक मेख आहे. मिडाझोलामचा पूर्ण परिणाम दिसायला काही मिनिटं लागतात. बाहेर रांग असते, आपल्याला वाटतं औषध लागलंच नाही, म्हणून आणखी दिलं जातं, आणि मग दोन्ही डोस एकदम चढतात. वयस्कर माणसाचा श्वास तिथेच मंदावतो. ब्रिटनमध्ये 2008 साली मिडाझोलामच्या जादा डोसबद्दल सगळ्या रुग्णालयांना सरकारी इशारा द्यावा लागला होता. या दोन्ही औषधांना उतारा आहे, फ्लुमाझेनिल आणि नालोक्सोन. पण उतारा आधी ओसरू शकतो, म्हणून पेशंट शुद्धीवर आला तरी लगेच घरी सोडायचं नाही.

प्रोपोफॉल दुधासारखं पांढरं असतं. मिनिटभरात झोप लागते, बंद केलं की थोड्याच मिनिटांत माणूस बोलायला लागतो. पेशंट खूश, आम्हीही खूश. मात्र गुंगी कुठे संपली आणि पूर्ण भूल कुठे सुरू झाली, ती रेषा यात फार बारीक आहे, आणि याला उतारा नाही. म्हणून दुर्बिणीत डोळा घातलेल्या डॉक्टरने ते स्वतः सांभाळू नये. भूलतज्ज्ञ वेगळा हवा.

तो ते सिरिंजने थोडं-थोडं देतो, नाहीतर पंपाने. सिरिंजने गुंगी वर-खाली होते. वय-वजन बघून वेग ठरवणाऱ्या पंपाने ती सारखी राहते. लांबलेल्या कामात पंप उपयोगी, दहा मिनिटांसाठी ती जुळवाजुळव कशाला, असं आमचं मत. अमेरिकेत भूलतज्ज्ञाशिवाय प्रोपोफॉल देणारं 'सेडासिस' नावाचं यंत्र 2013 साली मंजूर झालं. खप नसल्याने 2016 मध्ये कंपनीने ते बंद केलं.

आम्हाला औषधाच्या नावापेक्षा श्वासाकडे कोण बघतंय हे जास्त महत्त्वाचं वाटतं. बोटावरचा ऑक्सिमीटर उशिरा सांगतो, आणि नाकाला ऑक्सिजन लावलेला असला तर आणखीच उशिरा. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ श्वास थांबल्याचं आधी दाखवतो. तेव्हा तारीख घेताना विचारा: औषध कोण देणार, आणि त्या वेळात त्याच्याकडे दुसरं काही काम असणार का? रात्री घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही आपणहून सांगा. घरचं कोणीतरी सोबत आणा, आणि त्या दिवशी स्कूटरची किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या.